'आय ॲम नोइंग' कुठून आलं?

नागपूरला मिहान या उद्योग-वसाहतीतल्या कंपनीत लागलो तेव्हा इंग्रजी येत नव्हतं असं नाही. बीई इंग्रजीतच काढलं होतं. पण लंडनच्या क्लायंटला पहिलाच मेल टाकला, 'आय हॅव सम डाउट्स, काइंडली डू द नीडफुल', आणि उलट विचारणा आली: आमच्या कोणत्या आकड्यावर तुमचा विश्वास नाही? आपण 'डाउट' विचारतो. तिकडे डाउट म्हणजे संशय. 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं, तेही त्याला उमगलं नव्हतं.

सीताबर्डीत क्लास लावला. तीन महिने गेले, फी गेली. टाय बांधायला शिकलो, तीही नागपूरच्या मे महिन्यात.

गाठ सोडवली टीममधल्या पुण्याच्या मॅडमनी. कॉलवर मी 'आय ॲम नोइंग द इश्यू', 'आय ॲम हॅविंग टू ऑप्शन्स' असं बोलायचो. त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठीत म्हणता ना, 'मला समजून राहिलं', 'तो येऊन राहिला'? तेच इंग्रजीत नेताय." मी गप्प. खरंच की! आमचं 'राहिलं' जिथेतिथे, आणि तेच 'आयएनजी' होऊन बाहेर पडत होतं. नो, हॅव, अंडरस्टँड यांत काही चालू नसतं, ती स्थिती असते. म्हणून एरवी त्यांना 'आयएनजी' लागत नाही. शाळेत हा नियम घोकला होता, पण तो माझ्याच बोलण्याला लागू आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग रोज रात्री पाच मिनिटं फोनवर बोलून रेकॉर्ड करायचो आणि सकाळी खापरीच्या मेट्रोत ऐकायचो. पहिला आठवडा स्वतःचा आवाज सहन होईना. 'व्हेरी' आणि 'वी', दोन्हीला माझा एकच व. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू. आरशासमोर हे चाललेलं पाहून आई म्हणाली, "काय करून राहिला रे?"

मेलचं लवकर जमलं. काय हवं आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच ओळीत: शुक्रवारपर्यंत मार्चच्या बिलांची यादी पाठवाल का, दोन रकमा जुळत नाहीत. यादी त्याच दिवशी आली.

मागच्या आठवड्यात कॉलवर तोंडून 'आय ॲम थिंकिंग' निघालं आणि मी मध्येच अडखळलो. मॅडमचा लगेच मेसेज: 'हे चालतं. पुढे बोला.'