मनुका, तिसऱ्या आणि सोहिरोबानाथ

रविवार. लाइट गेलीय, इन्व्हर्टरवर एकच पंखा फिरतोय, मे महिन्याच्या या उकाड्यात झोप काही लागणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

गेल्या आठवड्यात ऑफिसात माइंडफुलनेसचं, म्हणजे हातातल्या क्षणाकडे पूर्ण लक्ष द्यायला शिकवणारं सेशन ठेवलं होतं, तेही बरोब्बर जेवणाच्या सुट्टीत. ट्रेनरने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली आणि सांगितलं, आधी नुसती बघा, मग वास घ्या, कानाजवळ धरून चुरा, जिभेवर ठेवा पण लगेच चावू नका. मागून कोणीतरी म्हणालं, अख्खं पाकीटच दे रे बाबा, भूक लागलीय! सगळे हसले. पण ही मनुका काही त्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये, जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, त्यातला हा प्रसिद्ध धडा. मूळ बौद्ध ध्यानाचं, थोडं योगाचं, वर हॉस्पिटलला चालेल अशी भाषा. मला तो प्रकार आवडला, खोटं कशाला बोलू. फक्त ऑफिसात पुन्हा कोणी मनुकेकडे बघेल असं वाटत नाही.

आज सकाळी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या आणल्या होत्या. आदोळीवर (आमची विळी) तिसऱ्या फोडणं हे मला माहीत असलेलं सगळ्यात कडक ध्यान आहे. पाटावर पाय दुमडून बसायचं, शिंपली बोटांत नीट धरायची, दोन कवचांमधली फट पात्यावर अचूक टेकवायची आणि बेताने दाबायचं. जोर जास्त झाला तर कवच फुटून कच लागते, कमी झाला तर तिसरी मुळीच उघडत नाही, आणि मन जरा इकडेतिकडे गेलं की पातं थेट अंगठ्यात. उघडली की सगळं मांस एका कवचात गोळा करायचं, दुसरं टाकून द्यायचं आणि आतलं खारं पाणी खालच्या भांड्यात धरायचं कारण कालवणाला खरी चव त्याच पाण्याची. सासूबाईंचं एकच वाक्य, "बोट सांबाळ गो." (घरात आम्ही कोकणीच बोलतो, लिहायला बसलं की मराठी येतं, गोव्यात हे असंच.) टोपलीभर तिसऱ्या होईपर्यंत ना फोन आठवला, ना उद्याची मीटिंग. आणि मनात श्वासाचा विचारसुद्धा नव्हता, तो आपला चालूच होता.

श्वासावरून आमचे संतकवी सोहिरोबानाथ आठवले. आंबिये घराणं पेडण्याकडचं, जन्म १७१४ चा, बांद्याचे कुलकर्णी, नाथपंथी, म्हणजे श्वासाच्या योगसाधनेच्या वाटेवरचे. 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' त्यांचंच, मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी गाऊन घराघरात पोचवलेलं. त्यातली 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' ही ओळ आमच्याकडे भजनाला न आलेल्या माणसालाही पाठ असते. योगाच्या ग्रंथांत सांगितलंय की दिवसरात्र मिळून माणसाचे २१,६०० श्वास होतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर 'सोऽहं' आपोआप चालू असतं, मुद्दाम जपायला नको, म्हणून त्याला अजपाजप म्हणतात. हिशोब केला तर मिनिटाला १५ होतात, आणि डॉक्टर मोठ्या माणसाचे १२ ते २० नॉर्मल धरतात. स्टॉपवॉच नसलेल्या लोकांनी हे कसं काढलं असेल देव जाणे. आज हरमल, मांद्रे भागात ब्रीदवर्कचे, म्हणजे श्वासाच्या व्यायामांच्या वर्गांचे बोर्ड पावलापावलावर दिसतात, त्याच पेडणे तालुक्यात विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला सोहिरोबानाथांचं नाव आहे, पण हे दोन्ही एकाच विषयाचे आहेत हे कोणाच्या डोक्यात येत नसावं. माझ्याही आलं नव्हतं.

आणि घंटा! गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला आंजेलसची, म्हणजे मारिया मातेच्या प्रार्थनेची घंटा होते. शेजारची बाय हातात काही का असेना, खाली ठेवते आणि दारात उभं राहून प्रार्थना पुटपुटते, त्याच सुमाराला आमच्याकडे तुळशीत दिवा लागतो. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्यात हान यांनी १९८२ मध्ये फ्रान्सला प्लम व्हिलेज स्थापन केलं, तिथेही घंटा झाली की चालणारा, बोलणारा, भांडी घासणारा प्रत्येक जण थांबतो आणि श्वासाकडे येतो. हे वाचलं तेव्हा मला आधी आमची बायच दिसली.

पण एक गोष्ट खटकते, ती लिहूनच टाकते. बायची प्रार्थना, आमचा दिवा, भजन, यात समोर कोणीतरी असतं, देव म्हणा, माता म्हणा. ऑफिसच्या मनुकेसमोर फक्त मी आणि माझा स्ट्रेस. मन शांत करा, म्हणजे आणखी दोन फाइली निघतील, असा एकूण सूर. सोहिरोबांची आख्यायिका याच्या अगदी उलटी आहे. सावंतवाडीच्या राजाचं बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत रानात फणस फोडून खायला बसले, तेवढ्यात एक नाथ पुढे आला आणि त्याने वाटा मागितला, यांनी दिला. ते गहिनीनाथ होते म्हणतात. त्यानंतर या माणसाने कुलकर्णीपणच सोडून दिलं! एचआरवाल्यांना ही गोष्ट सांगून बघायला हवी.

मी काही नोकरी सोडत नाहीये, घराचा हप्ता आहे. मनही काही फार निवलेलं नाही, परवाच मांडवीच्या पुलावर कोणीतरी उगाच हॉर्न मारत होता, त्याला मी मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त कळलं की बोलतेय.

श्रावण लागला की घरात मासळी बंद, म्हणजे आदोळीवर फक्त नारळ. तेव्हा यंदा वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला जायचं ठरवलंय, तिथे २४ तास अखंड भजन चालतं, आणि मला दिवसा रांगेत उभं राहून दर्शन घेण्यापेक्षा रात्री दोन-अडीचला, गर्दी ओसरल्यावर बसायचंय. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो पार्किंग मिळणार नाही.