छातीवर उडतंय ते हृदय की नुसतं मांस?

जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर पुतण्याच्या मित्राच्या आईने फोन करून मला हेच विचारलं: "तुम्हाला अंजायना आहे ना? मग छातीवर असं टुकटुक उडायला लागलं की भीती नाही वाटत? कसं ओळखता हो, हार्टचं आहे की नुसतं मांस उडतंय?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी नुकतीच कुणाची तरी अँजिओग्राफी झालेली असते. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशवर. नोटा मोजणं आणि खोटी नोट बोटांनी ओळखणं, एवढीच माझी विद्या.

आधी अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की येतो त्या दाबाचं. डोंबिवलीत आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सहा वर्षांपूर्वी फडके रोडवरून भाजी घेऊन येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीच्या मधोमध कुणीतरी पाटा आणून ठेवला. दुखलं असं म्हणवत नाही, नुसता दाब. पिशवी खाली ठेवली, कठड्याला टेकले, दोन-तीन मिनिटांत पाटा उचलला गेला. वय झालं म्हटलं आणि वर जाऊन आमटीला फोडणी दिली. महिनाभर असंच. जेवून लगेच चढले तर पहिल्याच मजल्यावर. मग स्ट्रेस टेस्ट, अँजिओग्राफी, एका रक्तवाहिनीत स्टेंट. दुसरी थोडी अरुंद आहे, ती औषधांवर ठेवलीय. नंतर कळलं की विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १७७२ साली या दुखण्याचं वर्णन छापलं, त्यात हेच आहे: चालताना धरतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, आणि माणूस उभा राहिला की निघून जातं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला आमचा जिना कसा ठाऊक, हे मला कोडंच आहे.

फडफड आली ती स्टेंटनंतर सहा-सात महिन्यांनी. पहिल्यांदा डावी पापणी. अक्काला फोनवर सांगितलं तर ती खूश. "डावी ना? बायकांना डावी चांगली. माहेरचं माणूस येणार बघ." माहेरचं आता तीच उरलीय आणि ती गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, पण ते असो. मग उजवा अंगठा आपोआप आत-बाहेर व्हायला लागला, मग पोटरी. तोपर्यंत गंमत होती. एका रात्री मात्र डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत चिमणीने पंख झाडावेत तसं सुरू झालं. थांबे, परत सुरू होई. दिवा लावून आरशासमोर गाउनचा गळा बाजूला केला तर चक्क दिसत होतं. रुपयाएवढी जागा, फडफडफड, बंद. फडफड, बंद.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले, चहाच्या डब्यामागची सॉर्बिट्रेट, म्हणजे अंजायना आला की घ्यायची गोळी, काढली आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच जिभेखाली ठेवली. मिनिटभराने डोळ्यांपुढे काळोखी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी फरशीवर होते, कपाळावर टेंगूळ आणि आमचे हे "अगं, अगं" करत पाण्याचे सपकारे मारत होते.

रात्री दोन वाजता कार्डिओग्राम काढणारा मुलगा सारखा म्हणत होता, "काकू, हात सैल सोडा, रेघ थरथरतेय." थरथरत होती ती स्नायूंमुळे. हृदयाची रेघ तिच्या खालून आपली शिस्तीत चालली होती. त्या एका कागदावर दोघं शेजारी शेजारी दिसत होते, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की हे दोन वेगळे मामले आहेत. स्नायूला हुकूम देणारी बारीक मज्जातंतूची फांदी मधूनच विनाकारण हुकूम सोडते आणि तिच्या ताब्यातले तेवढेच तंतू उडतात. हृदयाशी त्याचा संबंध नाही, जागा शेजारची एवढंच. डॉक्टर रागावले ते गोळीवरून. ती रक्तवाहिन्या सैलावते, रक्तदाब उतरतो, म्हणून बसूनच घ्यायची. (या गोळीची थोरली बहीण म्हणजे नायट्रोग्लिसरीन, डायनामाइटमधलं. आल्फ्रेड नोबेलने आयुष्यभर त्यावर पैसा कमावला आणि शेवटी त्याच्याच हृदयासाठी डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. नशिबाची थट्टा म्हणून त्याने ते पत्रातही लिहिलंय.)

मग ओळखायचं कसं? फडफड बोट ठेवून दाखवता येते. "इथे" म्हणून. बऱ्याचदा डोळ्यांना दिसते, बसले-आडवे असताना येते, जिना चढताना नेमकी गप्प असते. अंजायनाला बोट पुरत नाही, सगळा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवावी लागते. कष्टाबरोबर येतो, थांबलं की जातो. कधी छातीत येतच नाही. माझ्या बाबतीत डाव्या जबड्यात आणि दोन खांद्यांच्या मध्ये येतो, कधी नुसता दम लागतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत असं आडवाटेने येणं बरंच होतं म्हणतात.

पण एवढं सांगून मला थांबता येणार नाही, कारण मी उलटी चूकही केलीय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळेची भांडी काढली. दुसऱ्या दिवशी पाठ आणि जबडा जड. फडफडीवर हुशार झालेली मी, म्हटलं स्नायूच आखडलेत. बाम चोळला. दुपारी पिठाची गिरणी गाठेपर्यंत दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा थांबल्यावर बरं वाटलं. स्नायू आखडून दुखणाऱ्या पाठीला मी थांबले काय नि चालले काय, कसं कळणार? गिरणीवाल्याच्या स्टुलावर बसून गोळी घेतली, चार मिनिटांत मोकळं झालं. त्या वेळी औषधं वाढवावी लागली. कॅशवर आमचा नियम होता: नोटेची शंका आली तर ती गड्डीत मिसळायची नाही, आधी बाजूला काढायची. तोच मी छातीला लावलाय. कळलं नाही तर बसायचं. बसून, गोळी घेऊन पाच मिनिटांत उतरलं नाही किंवा घाम सुटला, की १०८ लावायचा, शेजारी काय म्हणतील ते नंतर. बसल्या जागी किंवा झोपेत दाब यायला लागला, पूर्वीपेक्षा कमी चालण्यावर यायला लागला, तरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

फडफडीचं काय केलं, ते विचारता म्हणून. माझे दिवसाला सहा कप चहा होते, दोनवर आणले. आजाराचं निदान झाल्यापासून झोप उडाली होती, ती मात्र अजून पुरती आलेली नाही. खरा चोर रक्तात सापडला. ॲस्पिरिनने पोट बिघडू नये म्हणून ॲसिडिटीची गोळी कित्येक महिने चालू होती आणि जोडीला लघवीची गोळी. दोन्हींनी शरीरातलं मॅग्नेशियम उतरू शकतं. ॲसिडिटीच्या या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. माझं कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, महिन्याभरात पोटरी शांत, अंगठा जवळजवळ शांत. आता यावर लगेच कुणी मॅग्नेशियमची बाटली आणू नका, आणि "शहाळं प्या, पोटॅशियम मिळतं" हेही मला सांगू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच चढतं आणि जास्त झालं तर तेच हृदयाला बाधतं. तपासून घ्यावं. आमच्या मजल्यावरच्या एकींनी फडफडीचा संशय माझ्या मेटोप्रोलोलवर, म्हणजे हृदयाच्या रोजच्या गोळीवर, घेतला आणि मला ती सोडायचा सल्ला दिला. ती गोळी मनाने एकदम बंद केली तर अंजायना उसळतो. सल्ल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि गोळी घेतली. हां, फडफडीबरोबर हातातली भांडी निसटायला लागली, पाय ओढला जायला लागला, एखादा स्नायू वाळतोय असं दिसलं, तर ते मेंदूच्या डॉक्टरांचं काम, तिथे मी बोलत नाही.

उरली भीती. फडफडीने माणूस घाबरतो, घाबरला की छाती धडधडते, स्नायू आणखी उडतात, आणि हृदयावर इतका ताण आला की खरा अंजायना हजर. माझं असं दोनदा झालंय. आता रात्री चिमणी आली की दिवा लावत नाही, आरशाकडे जात नाही. उठून बसते, जागेवर बोट ठेवते आणि नोटा मोजल्यासारखे मनात आकडे मोजते. शंभराच्या आत बहुतेक वेळा थांबते. गोळ्यांची पट्टी उशाशी असते, तारीख छापलेल्या बाजूने कापू नका असं औषधवाल्याला बजावून आणलेली.

हे लिहीत असताना डावी पापणी दोनदा लवली. अक्काला कळवलेलं नाही, नाहीतर ती म्हणेल दोन पोळ्या जास्तीच्या लाट.