चामडं का शिवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "घरात कुणी या धंद्यातलं नाही, मग चामड्याचं काम कशाला शिकलात?" हे विचारताना बहुतेकांचा आवाज जरा खाली येतो. का येतो, ते मला ठाऊक आहे. ज्यांनी आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वहाणा शिवल्या, त्यांना आमच्याच घरांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्याची मला लाज वाटते. ते काम आधी हातांनी कळावं, म्हणून गेले.

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका खोलीत, भर मे महिन्यात, चार दिवसांचा वर्ग होता. शिकवायला एक मामा. पहिल्या दिवशी त्यांनी सुईला हात लावू दिला नाही. रापी, म्हणजे चामडं कापायचं-तासायचं रुंद पातं, दिली आणि दगडावर चामड्याची कड तासायला बसवलं. घडीवर दोन थर आले की शिवण जाड होते, म्हणून कड आतल्या बाजूनं पातळ करायची. रापी जवळजवळ आडवी धरून अंगापासून दूर ढकलायची. पातं जरा उभं झालं की आत घुसतं. माझे दोन तुकडे आरपार कापले गेले. मामा म्हणाले, "ताई, जोर कशाला लावताय? धार आहे की तिला."

वासाचंही सगळे विचारतात. आमचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं होतं. त्याला भिजल्या लाकडासारखा वास येतो, मला तो आवडला. पाणी लावलं की ते मऊ पडतं, ठसा उमटतो, वाळल्यावर तसाच राहतो.

मग शिलाई. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया. आरीनं, म्हणजे टोकदार टोच्यानं, भोक पाडायचं, त्यातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. प्रत्येक भोकात दोन पदर बसतात. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनची टीप एकदा तुटली की उसवत जाते. बाबांसाठी चष्म्याचं घर शिवलं. चाळीस टाके, तीन तास. पहिले सहा वाकडे आहेत, ते मी उसवले नाहीत.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर. म्हणजे ही कला आपल्याही मातीतली, आणि मी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत फक्त भाव पाडत आले. अस्सल जोडाला खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच तो शिवतात. हे कळल्यापासून घासाघीस करायला तोंड उघडत नाही.

पुढच्या वर्गात मामा चपलेचे कान, म्हणजे बाजूचे पट्टे, शिकवणार आहेत. तळासाठी म्हशीचं चामडं आणून ठेवलंय. तुम्हाला यायचं असेल तर तसं सांगा, दोन जोडांपुरतं आहे.