जास्वंदीचा स्टँडर्ड: काठी सोडली आणि छत्री कठड्यावर

देशी लाल जास्वंदीचा स्टँडर्ड करतेय, म्हणजे खाली एकच सरळ, उघडं खोड आणि वर फांद्यांची गोल छत्री. काठीला बांधून वाढवलेली जास्वंद साडेतीन फुटांवर शेंडा खुडून थांबवली, तिथपर्यंत मागे लिहिलं होतं. त्यानंतर छत्री सुरेख भरली. वरच्या चार फांद्या ठेवल्या, प्रत्येकीचा शेंडा तिसऱ्या पेरावर खुडला, आलेले फुटवे पुन्हा खुडले. तीन फेऱ्यांत डोकं फुटबॉलएवढं झालं. रविवारी म्हटलं, आता काठी सोडून बघू. पाणी आणायला गेले, परत येते तर खोड धनुष्यासारखं वाकलेलं आणि छत्री गच्चीच्या कठड्याला टेकलेली!

मोडलं नाही, हे नशीब. सुतळीनं खोड मापलं तर बुडाशी आणि वर जाडी जवळजवळ सारखीच, करंगळीएवढी. खाली जाड, वर निमुळतं असं व्हायला हवं होतं. दोन चुका झाल्या. खोड स्वच्छ दिसावं म्हणून त्यावरचा प्रत्येक फुटवा, प्रत्येक पान मी आल्या आल्या काढत गेले. खरं तर तीच पानं खोड पोसतात. शिवाय दर चार इंचांवर सुतळीची घट्ट गाठ. खोड वाऱ्यावर डुललं की चांगलं जाड होतं, माझं कधी हललंच नाही. वरून तिसऱ्या गाठीखाली तर साल दबून खाच पडलीय आणि खाचेच्या वर फुगवटा आलाय. सुतळी यापुढे बंद.

आता काठी परत लावलीय, पण बांधण्या दोनच, जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांच्या, इंग्रजी आठच्या आकारात सैल. काठी म्हणजे पडद्याचा जुना रॉड. नर्सरीतल्या बांबूच्या कामट्या एका पावसाळ्यात मातीपाशी कुजतात, त्या घेऊच नका. छत्री एक तृतीयांश छाटून वरचं वजन कमी केलं. म्हणजे गणपतीला घरची फुलं मिळणं कठीण. त्याचं फार वाईट वाटतंय.

खोडावर आता येतील ते फुटवे दोन पानांवर खुडून तसेच ठेवणार, जाडी आली की काढणार. हे लिहिताना आणखी एक सुचलं. खाचेच्या खाली, दोन फुटांवर, एक जोमदार डोळा फुटलाय. तो न खुडता सरळ वर वाढू देते. दिवाळीपर्यंत खाच भरली नाही, तर तिथूनच वरचं कापून त्या फुटव्याचं नवं खोड करीन. आज सकाळी त्याला बोटभर लांबी आली होती, पानं अजून तांबूस, मिटलेली.