माजघरातली स्ट्रॉबेरी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं घर बोळात आहे. हात लांब केला की समोरच्याची भिंत लागते. ऊन दुपारी उंबऱ्यापर्यंत येतं आणि लगेच माघारी फिरतं. गच्ची चुलत्यांच्या वाट्याची. त्यामुळं ऑक्टोबरात महाबळेश्वरहून आणलेली 'विंटर डॉन'ची १२ रोपं गेली थेट माजघरात. दगडी भिंती, गारवा भरपूर. स्ट्रॉबेरीला थंडी लागते, एवढंच मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत रोपं उंच झाली. मी खूश. आई म्हणाली, "ही वाढ न्हवं गं. माना वर करून उजेड हुडकाय लागल्यात ती."

खरंच, देठ वीतभर आणि पानं फिकट, रुपयाएवढी. गारव्यात रोपाचा श्वास मंद चालतो, साठवलेलं अन्न पुरवून पुरवून खाल्लं जातं, म्हणून ती तगली होती. शीतगृहात तर शून्याच्या जरा खाली, मिट्ट अंधारात रोपं महिनोन्‌महिने राहतात. पण राहतात, वाढत नाहीत. त्यात मी रोज पाणी घालत होते. उजेड नाही तर रोप पाणी पिणार किती? दोन रोपं मधल्या कोंबातच कुजली.

मग एलईडी बल्ब आणला. आढ्याला टांगला, फरक काही पडेना. वायर सोडून हातभर अंतरावर आणला तेव्हा नवी पानं बुटकी, गर्द हिरवी यायला लागली. बल्बचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. शाळेत हे पाठ केलं होतं, कामाला आलं आत्ता.

इथं माझी हाव नडली. बल्ब रात्रंदिवस चालू ठेवला, तर फुलांऐवजी रनर, म्हणजे आडवे पसरणारे लांब फुटवे सुटले, जिकडे तिकडे दोऱ्या. ही जात लहान दिवसाची. दिवस लांबला, त्यात गारवाही बेताचाच असला, की ती फुलायचं सोडून पसरायला लागते. डिसेंबरात आपल्याकडं दिवस ११ तासांचा, म्हणून बल्बही ११ तासांवर आणला आणि रनर छाटले. कळ्या दिसल्या जानेवारीच्या शेवटी.

पहिलं फळ एका बाजूनं चेपलेलं. माजघरात मधमाशी कुठली आणि वारा कुठला! ज्या बीला पराग मिळत नाही, तिच्याखालचा गर फुगत नाही. आता रोज सकाळी रंगकामाचा मऊ ब्रश फुलांवरून फिरवते.

आईनं ते चेपकं फळ खाल्लं. "आंबाट हाय," म्हणाली, आणि जाताजाता सवयीनं बल्बचं बटण बंद करून गेली.