ओ-यू-जी-एच वाले पाच अक्षरी शब्द, आणि भाचीने विचारलेला एक प्रश्न

परवा भाची तो पाच अक्षरी इंग्लिश शब्द ओळखायचा गेम खेळत होती, वर्डल, सहा चान्स मिळतात त्यात. तिसऱ्याच चान्सला तिचे शेवटचे चार चौकोन हिरवे झाले (म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर), ओ, यू, जी, एच. फक्त पहिलं अक्षर राहिलं म्हणून ती खूश, की आता जिंकलेच. टफ टाकला, चूक. रफ टाकला, चूक. कॉफ टाकला, तोही चूक आणि चान्स संपले. उत्तर निघालं डो, म्हणजे मळलेलं पीठ. हरली त्याचं तिला तेवढं नाही वाटलं, पण मला म्हणाली, मामा, टी लावला की टफ, आर लावला की रफ, मग डी लावल्यावर डफ का नाही, डो का? मी म्हटलं इंग्लिश आहे ते, असंच असतं. आणि मग दोन दिवस हे उत्तर मला छळत राहिलं, कारण मुलांना असं सांगितलं की ती विचारणंच सोडून देतात. म्हणून डिक्शनऱ्या घेऊन बसलो.

आधी शब्द बघा. शेवटी ओ-यू-जी-एच आणि एकूण अक्षरं पाच असे मला आठ मिळाले. टफ म्हणजे चिवट, सहज न तुटणारं, कठीण. रफ म्हणजे खडबडीत, खरखरीत, आणि त्यावरूनच कच्चं, ढोबळ. कॉफ म्हणजे खोकला किंवा खोकणं (आपला कफ आणि हा कॉफ यांचा काहीही संबंध नाही बरं का, कफ संस्कृतातला आणि कॉफ हा खोकण्याच्या आवाजावरून तयार झालेला, नुसता योगायोग). डो झाला. मग बाउ, बी लावून, म्हणजे झाडाची मोठी जाड फांदी, बारीक डहाळीला बाउ म्हणत नाहीत. एल लावला की लॉख, आयर्लंडमधला तलाव किंवा आत शिरलेली खाडी, उत्तर आयर्लंडमधला सगळ्यात मोठा तलाव ‘लॉख ने’, त्याच्या नावात हाच शब्द आहे. एस लावला की साउ, कोणी सफ पण म्हणतात, झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा सू सू आवाज, फार सुंदर शब्द आहे पण कवितेबाहेर भेटत नाही. आणि एच लावून हॉक, घोड्याच्या मागच्या पायाचा मधला सांधा, हा तर आता हॉक च्या दुसऱ्या सोप्या स्पेलिंगनेच लिहितात, एच-ओ-सी-के.

शेवट तोच, आणि उच्चार अफ, ऑफ, ओ, आउ, ऑख, ऑक. सहा!

आता हे का झालं ते. हा जी-एच एके काळी खरंच बोलला जायचा. जुन्या इंग्लिशमध्ये घशातून घासून येणारा एक ख सारखा आवाज होता, जर्मन लोक नाख्ट म्हणजे रात्र म्हणताना आजही काढतात तो. तेव्हा तो नुसत्या एच ने लिहायचे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे फ्रेंच वळणाचं लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातात लिखाण गेलं, आणि हळूहळू त्या आवाजासाठी जी-एच ही जोडी रुळली. मग तो आवाजच लोकांच्या तोंडातून जायला लागला. काही भागात तो गप्प झाला, काही भागात त्याचा फ झाला, कारण दोन्ही आवाज हवा घासूनच निघतात, कानाला जवळचे वाटतात. एकाच शब्दाचे दोन्ही उच्चार वेगवेगळ्या गावांत चालू असायचे आणि पुढे प्रमाण भाषेत कुठल्या शब्दाचा कुठला टिकला याला नियम असा काही नाही. त्यात 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला, स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि त्याच काळात स्वर मात्र बदलतच राहिले. म्हणजे लिहिलेलं मागे थांबलं आणि बोलणं पुढे गेलं. या आठांत फक्त आयरिश लॉख मध्ये तसा ख अजून ऐकू येतो.

आणि भाचीचा डफ? तो खरंच होता! उत्तर इंग्लंडच्या बोलीत डो ला डफ म्हणायचे आणि त्यावरून डफ नावाचं एक पुडिंग अजूनही आहे. म्हणजे पोरगी चुकली नव्हतीच, मी चुकलो होतो.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो बाउ वाचताना. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ आधी खांदा, हात असा होता, मग झाडाचा हात म्हणून फांदी. आणि हा शब्द आपल्या बाहु चा सख्खा नातेवाईक आहे, दोन्हींचं मूळ एकच. बाहु मधला ह जिथे आहे तिथेच त्यांचा तो मुका जी-एच बसलाय. मग डो बघितला, तर त्याचं मूळ मळणे, लिंपणे, आकार देणे असं, आणि त्याच मुळातून आपला देह आलाय. परत ह. लेडी शब्दातसुद्धा हेच मूळ लपलंय, मूळ अर्थ पाव मळणारी बाई. ज्या जी-एच ला आपण फालतू म्हणतो त्याच्या जागी आपला ह चांगला खणखणीत उभा आहे, हे कळल्यावर ते स्पेलिंग मला पाठ करावंच लागलं नाही.

सहा अक्षरी पण आहेत, दो म्हणजे तरी, इनफ, ट्रॉफ म्हणजे गुरांचं पाण्याचं लांबट टाकं, प्लाउ म्हणजे नांगर. त्यातला एस-एल वाला भारी आहे, स्लाउ म्हटलं तर दलदल, स्लफ म्हटलं तर सापाने कात टाकणं, स्पेलिंग एकच.

गेमवाल्यांसाठी एक सांगतो. शेवटचे चार हिरवे झाले की एकेक अक्षर लावत बसू नका, तिथेच सगळे चान्स जातात. ब्रॅक्ट टाका, बी-आर-ए-सी-टी, फुलाच्या खाली असतं त्या छोट्या पानाला म्हणतात. बी, आर, सी, टी चारही एका फटक्यात तपासून होतात, जे रंगेल तो तुमचा शब्द, आणि काहीच रंगलं नाही तर पहिला डो टाकून बघायचा. हार्ड मोड चालू असेल तर मात्र हे करता येत नाही, मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात त्यात.

भाचीला हे सगळं सांगितलं. बाहु ऐकून ती आपल्याच हाताकडे बघत बसली. मग मी डॉटर आणि दुहिता सांगितलं, तिथेही जी-एच च्या जागी ह. आता तिला नादच लागलाय, जी-एच दिसला की विचारते यातला ह कुठे गेला. काल लाइट घेऊन आली, उजेडवाला नाही, हलका या अर्थाचा. शोधला तर तो आपला लघु निघाला, आणि यात ह नाही, चक्क घ च आहे.