‘जाने भी दो यारों’ आणि आमच्या घरातली मतं

आज दादरला मावशीकडे सगळे मिळून ‘जाने भी दो यारों’ पाहिला. १९८३ चा, कुंदन शाह यांचा पहिला चित्रपट, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशांतून सात लाखांच्या आत झालेला.

कॉलेजातल्या भाच्याला सुरुवात रटाळ वाटली. ‘सेट किती साधे आहेत!’ म्हणाला. खरंय, पण मला तो साधेपणाच आवडतो. पैसा नव्हता, माणसं होती: नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर. आणि संपादिका शोभाच्या भूमिकेत आपल्या भक्ती बर्वे! ‘ती फुलराणी’ नाट्यगृहात पाहिलेल्या मावशीला त्या दिसल्या मात्र, तिचा चेहराच उजळला.

महाभारताच्या नाटकाचा प्रसंग आला आणि भाच्याची तक्रार संपली. कमिशनरचं प्रेत द्रौपदीच्या साडीत, भोवती ओढाताण, आणि प्रेत झालेले सतीश शाह मख्ख. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. नुसतं पडून राहून एवढं हसवणं सोपं नाही हो.

शेवटावरून मात्र वाद झाला. पूल कोसळतो, बिल्डर आणि अधिकारी सुटतात, तुरुंगात जातात ते नसीरुद्दीन आणि रवी, म्हणजे चित्रपटातले दोन भाबडे फोटोग्राफर. काकांचं म्हणणं, विनोदी चित्रपटाचा शेवट इतका कडू नको होता. मला अजिबात पटलं नाही. ते दोघं सुटले असते तर आधीचं हसणं वाया गेलं असतं. मावशी माझ्या बाजूने, भाचाही. काका अजून हटलेले नाहीत.

तुम्हाला तो शेवट कसा वाटतो? मनापासून सांगा.